कान्हेरी लेणी: तिसऱ्या लेण्यावरून परत फिरू नका

रोममध्ये ट्राम-बसच्या गजबजाटात लार्गो आर्जेंतीना नावाचा चौक आहे. कठड्यावरून खाली वाकलं की चार जुन्या देवळांचे चौथरे आणि खांब दिसतात. ज्या सभागृहात इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरला भोसकलं, त्याचे अवशेषही तिथेच एका कडेला आहेत. मुंबईचा माणूस ते बघून हरखतो, आणि हरखावं असंच ते आहे. पण बोरिवलीला उतरून, हायवे ओलांडून सहा-सात किलोमीटर आत गेलं की त्याच काळात वसायला लागलेली बौद्ध भिक्खूंची एक आख्खी वस्ती डोंगरावर आहे, हे त्याच माणसाला शाळेच्या सहलीपुरतंच आठवतं. कोलोसिअम इ.स. ८० मध्ये खुलं झालं. कान्हेरीच्या डोंगराला पहिली छिन्नी लागली ती त्याच्या आगेमागेच, आणि त्यानंतर जवळजवळ हजार वर्षं इथे माणसांचा राबता होता.

आधी निकाल सांगून टाकतो. ठिकाणाला पाचपैकी पाच. भेट ज्या रीतीने घडते तिला पाचपैकी तीन. डोंगरावर शंभराहून जास्त लेणी आहेत आणि येणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिली तीन पाहतात, अकराव्यापाशी फोटो काढतात आणि उतरायला लागतात. कान्हेरी खरी उलगडते ती पाण्याच्या व्यवस्थेतून, आणि ती वर चढल्याशिवाय दिसतच नाही. खाली कुणी तसं सांगतही नाही.

जाण्याचं सोपं आहे. पश्चिम रेल्वेने बोरिवली, पूर्वेकडून बाहेर पडायचं, पंधरा-वीस मिनिटं चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मुख्य फाटक येतं. मेट्रो ७ ने येणार असाल तर राष्ट्रीय उद्यान हे स्थानक फाटकाच्या जवळ पडतं. सोमवारी उद्यानही बंद आणि लेणीही बंद. दरवर्षी सोमवारची सुट्टी साधून येणारे लोक फाटकावरून परत जातात, म्हणून हे आधी. तिकिटं दोन लागतात: उद्यानाचं फाटकावर, लेण्यांचं वर पायथ्याशी. लेण्यांचं भारतीयांना ₹२५, परदेशी पाहुण्यांना ₹३००, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. फाटकापासून लेण्यांपर्यंत बस जाते. ती भरली की सुटते, त्यामुळे रविवारी रांग लागते आणि मंगळवारी सकाळी बस भरायची वाट पाहावी लागते. सायकल भाड्याने मिळते, पण शेवटचा टप्पा चढाचा आहे. एकदा दमून वर पोहोचलात की लेण्यांच्या पायऱ्या चढायला पायांत जोर उरत नाही. बसनेच जा. सगळं नीट पाहायला चार ते पाच तास धरा, आणि पहिल्या बसने निघा.

वर तिकीटघरापासून पायऱ्या चढलात की पहिलं लेणं अर्धवट सोडलेलं आहे. लोक ते ओलांडून जातात. तिथे दोन मिनिटं थांबा. भलंमोठं काम काढलं होतं, समोरचे दोन जाडजूड खांब उभे राहिले आणि आतलं तसंच राहिलं. लेणं वरून खाली खोदत आणतात. छत आधी पुरं होतं, जमीन सगळ्यात शेवटी. म्हणून अपुरं राहिलेलं लेणं पुऱ्या झालेल्या लेण्यापेक्षा कामाची रीत जास्त स्पष्ट दाखवतं. दुसऱ्या लेण्यात तीन स्तूप आहेत, आणि एका पटावर अवलोकितेश्वराभोवती, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाभोवती, संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत. प्रवासात कुणावर काय ओढवू शकतं त्याची ती यादीच आहे, आणि हा डोंगर व्यापारी वाटेवर होता हे लक्षात घेतलं की तिचा अर्थ लागतो.

तिसरं लेणं म्हणजे इथलं मोठं चैत्यगृह, स्तूपासमोरचं प्रार्थनेचं दालन. साधारण २६ मीटर लांब. मधल्या दालनाला आणि स्तूपाला वळसा घालणारे चौतीस खांब. कार्ल्याचा चैत्य पाहिला असेल तर घडण लगेच ओळखू येते, आणि हात कमी सफाईदार आहे हेही कळतं. काही खांबांनाच तळाशी घट आणि माथ्यावर हत्ती-माणसं कोरलेली आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी राहिले आहेत. छताकडे बघा. लाकडी कमानींच्या फासळ्या कधीच्या गेल्या, त्यांच्या खाचा शिल्लक आहेत. बाहेर ओसरीच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे दोन उभे बुद्ध आहेत. सगळे फोटो त्यांचेच निघतात, पण ते चैत्यापेक्षा तीनेकशे वर्षांनी नंतरचे आहेत. मूळ काळाची शिल्पं दाराच्या दोन्ही अंगांना आहेत: जाड पागोट्यांचे पुरुष आणि पायांत भरगच्च वाळे घातलेल्या बायका, जोडीजोडीने. प्रवेशाच्या खांबावरच्या ब्राह्मी लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव येतं, म्हणजे दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. चैत्याचा खर्च उचलणारे गजसेन आणि गजमित्र हे दोघे व्यापारी भाऊ होते. कामावर देखरेख करणाऱ्यांची, पाथरवटांची आणि घोटाई करणाऱ्याचीही दखल त्याच लेखात घेतली आहे. ज्याने दगड गुळगुळीत केला त्याचं नाव राजाच्या नावाशेजारी कोरलेलं सापडणं ही थोडी गोष्ट नाही.

इथून पुढे डोंगर चढा.

कुठल्याही छोट्या विहारासमोर, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यासमोर, थांबा, साधारण एकविसाव्याच्या आसपासचा कुठलाही चालेल, आणि आत शिरण्याआधी वर कड्याकडे पाहा. छज्ज्याच्या वर दगडात हातभर लांबीच्या तिरक्या खाचा दिसतील. पावसाचं पाणी कड्यावरून सरळ ओसरीत पडू नये, ते बाजूला वळावं, यासाठी त्या पन्हळी आहेत. आता खाली पाहा. अंगणाच्या एका बाजूला, बहुतेक वेळा ओसरीच्या लगत, कोनाड्यासारखी खोबण असते आणि तिच्या तळाशी चौकोनी तोंड. ती पोढी. तोंड दीड-दोन हातांचं असतं, पण खाली टाकं अंगणाच्या पोटात पसरलेलं असतं. तोंडाच्या काठाला आतून एक पायरी कापलेली दिसते. ती झाकण बसवायला. पाणी उन्हात तापू नये, पाला पडू नये, डास होऊ नयेत, एवढा सगळा विचार त्या बोटभर रुंदीच्या खाचेत आहे. वापरून वापरून कडा गोल झालेली असते. तिच्यावरून बोट फिरवलं की दोर कुठून घासत होता ते हाताला कळतं.

एवढं झाल्यावर मग आत जा. ओसरी, दार, एक दालन, त्याला जोडून कोठडी, कोठडीत दगडी ओटा. दाराच्या चौकटीत खाली-वर गोल खळगे आहेत, लाकडी दार त्यात फिरत असे. खिडक्यांना कुठे कुठे दगडी जाळ्या आहेत. म्हणजे प्रत्येक घराला बसायची जागा, झोपायची जागा आणि दाराशी स्वतःचं पाणी. कड्यावरचा पाऊस दाराशी साठवायचा आणि पुढचे आठ महिने पुरवायचा. ओढ्यावर जुन्या बांधाचे अवशेषही आहेत. वर्षावासासाठी भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहत, पण इथे बारमाही वस्ती कशी टिकली याचं उत्तर या पोढ्यांत आहे.

रोमशी तुलना करायची ती इथे करावी. रोमने पाणी लांबून आणलं. शहराला अकरा जलवाहिन्या होत्या, त्यांतली आक्वा क्लाउदिया सुमारे ६९ किलोमीटर लांब. कान्हेरीने पाणी डोक्यावरच्या दगडातून घेतलं. आजची मुंबई रोमच्या वाटेने गेली: तानसा, वैतरणा, भातसा. पण शहराच्या नळाच्या पाण्याची सुरुवात याच जंगलातल्या विहार तलावापासून झाली, १८६० मध्ये, आणि त्यानंतर १८७९ ला तुळशी. ज्या डोंगरांचा पाऊस भिक्खूंनी अडवला, त्याच रांगेचा पाऊस मुंबईनेही आधी अडवला.

पाण्याचं हे महत्त्व लेखांतही उतरलं आहे. पाचव्या लेण्यापाशी एक मोडका संस्कृत लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा त्यात उल्लेख येतो. ती कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची, म्हणजे पश्चिमेकडच्या शक राजाची, मुलगी. बापाच्या नावातलं ‘रु’ एवढंच अक्षर वाचता येतं, आणि तो रुद्रदामन असावा असं अभ्यासक मानतात. सातवाहन आणि क्षत्रप ही हाडवैर असलेली दोन घराणी. त्यांच्यातल्या सोयरिकीचा हा पुरावा, आणि तो कोरला आहे कशावर? एका अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्यावर. पाटी वाचून हे कळत नाही. जाण्याआधी पाचवं लेणं यादीत लिहून ठेवा आणि तिथे थांबा.

दानलेख वाचता आले नाहीत तरी ते कुणाचे आहेत एवढं माहीत असावं. कल्याणचा लोहार, सोपाऱ्याचा मणी घडवणारा मणिकार, नाशिकचे लोक, व्यापारी, भिक्खुणी. कुणी पोढी दिली, कुणी कोठडी, कुणी ओटा. काहींनी रोख रक्कम कायम ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, सोळा कार्षापण (त्या काळची नाणी), पायताणांसाठी अमुक इतके, असा हिशेब कोरून ठेवला. एका लेखात ‘मंगलस्थान’ गावातलं शेत दिल्याचं म्हटलं आहे. मंगलस्थान म्हणजे आपलं मागाठाणे. मेट्रो ७ ने दक्षिणेकडून आलात तर त्या शेताच्या शिवारातूनच आलात. वाटेतल्या एका स्थानकाचं नाव आजही मागाठाणे आहे.

आणि पैसा कुठून येत होता? हा डोंगर सोपारा आणि कल्याण या दोन बंदरांच्या मध्ये आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या दर्यावर्दी वाटाड्या-वहीत सोपारा आणि कल्याण दोन्ही येतात. तांबड्या समुद्रातून रोमन साम्राज्याची गलबतं या किनाऱ्याशी व्यापार करत होती. त्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या गावांनी कान्हेरीचा खर्च उचलला.

आता वरच्या लेण्यांचं. सगळी पाहायची गरज नाही, पुष्कळशी एकसारखी आहेत. अकरावं, ज्याला दरबार म्हणतात, ते वाटेतच लागतं: लांबट दालन आणि मधोमध जमिनीलगत दोन लांब दगडी ओटे, वेरूळच्या पाचव्या लेण्यासारखे. तिथे ८५३ चा लेख आहे, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या आणि कोकणच्या शिलाहारांच्या काळातला. चौतिसाव्यात छतावर रंगकाम आहे. बुद्धाची आकृती रेखून ठेवली आणि पुरी केली नाही. एक्केचाळिसाव्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. भारतातल्या लेण्यांत हे रूप फार दुर्मिळ, त्यामुळे एकच वरचं लेणं बघायचं असेल तर हे. सदुसष्टावं भिंतभर शिल्पांनी भरलेलं आहे. सत्त्याऐंशीवं म्हणजे लांबलचक कपार, तिच्या आडोशाला विटांच्या छोट्या स्तूपांचे तळ. इथल्या थोर भिक्खूंची ही स्मृतिस्थळं. नव्वदावं लेणं वेगळ्याच कारणासाठी बघायचं: तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीत १००९ आणि १०२१ मधले लेख आहेत. पारशी पाहुणे इथे आले, आपली नावं आणि तारीख कोरून गेले. हजार वर्षांपूर्वीचे पर्यटकच म्हणा. आजच्यांनी मात्र त्यांचं अनुकरण करू नये. काही कोठड्यांत कोळशाने आणि चावीच्या टोकाने लिहिलेली नावं बघून जीव तुटतो.

पाचपैकी दोन गुण कशाला कापले तेही सांगायला हवं. लेण्यांना आकडे घातलेले आहेत, पण वाट आकड्यांच्या क्रमाने जात नाही. चाळिसाव्यानंतर एक्केचाळीस कुठे, हे तिथे उभं राहून कळत नाही, कारण लेणी ओढ्याच्या दोन्ही अंगांना आणि तीन-चार पातळ्यांवर पसरली आहेत. भरीला भर म्हणजे जुन्या पुस्तकांतले आकडे आजच्या आकड्यांशी जुळत नाहीत. आताचं अकरावं जुन्या नोंदींत दहावं आहे. म्हणून जुनं पुस्तक घेऊन जाणार असाल तर घरीच आकडे जुळवून घ्या. खालच्या नकाशाच्या फलकाचा फोटो काढून ठेवा आणि वर प्रत्येक वळणावर तो उघडा. बहुतेक लेख आणि शिल्पांपाशी माहितीची ओळसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या ठिकाणी दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी मराठीतून माहिती देणारा वाटाड्या असायला हवा. लोक आनंदाने पैसे देतील.

विजेरी न्याच. मोबाइलचा उजेड चालतो, पण रीत लक्षात ठेवा: शिल्पावर समोरून उजेड मारला की सगळं सपाट दिसतं. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली की उठाव आणि अक्षरं वर येतात. झिजलेली ब्राह्मी अक्षरं तर अशीच दिसतात. इथला दगड मुळात नितळ काळा पाषाण नाही, खडीमिश्रित ज्वालामुखी खडक आहे. तो ओबडधोबड झिजतो, खडे निसटतात आणि अक्षरांत भोकं पडतात. म्हणून लेखांना हात लावू नका.

चपला घालून येऊ नका. डोंगरात कापलेल्या पायऱ्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत, आणि जून ते सप्टेंबर त्यांच्यावर शेवाळ असतं. पावसाळ्यात डोंगर देखणा होतो, ओढा वाहतो, पोढ्या भरताना दिसतात. पण याच दिवसांत पाय घसरतात आणि ओढ्याच्या पाण्यात उतरलेले लोक अडचणीत येतात. पाणी पाहायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा मधला काळ धरा. पोढ्या भरलेल्या असतात आणि दगड वाळलेला असतो. चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत दहानंतर दगड तापतो आणि वरच्या सपाटीवर सावली नाही.

माणशी दोन लिटर पाणी खालूनच घेऊन चढा. पोढीतलं पाणी प्यायचं नाही. माकडं पिशवीवर झडप घालतात, विशेषतः प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की, तेव्हा खाऊ पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा आणि खायचं ते खाली येऊन खा. आतल्या पाड्यांवरच्या बायका वाटेवर काकडी, कैरी, बोरं, मीठ-मसाला लावून विकतात. उतरल्यावर त्यासारखं दुसरं काही नाही. उंच कपारींत आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, सेंट, आरडाओरडा नको. लहान मुलांना तिसऱ्या आणि अकराव्यापर्यंत न्यायला काही हरकत नाही. गुडघेदुखीच्या माणसाने वरचा भाग सोडावा आणि पाचवं लेणं मात्र सोडू नये.

कान्हेरी आवडलीच तर पुढची पायरी अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी. एकोणीस लेणी, दोन तासांत होतात. नवव्यासाठी जा: दालनाच्या टोकाला गोल कोठडी, तिच्या भिंतीत जाळीच्या खिडक्या, आत स्तूप. जोगेश्वरीचं सहाव्या शतकातलं लेणं आकाराने प्रचंड आहे. तिथे देवीची पूजा आजही चालते, आणि दगड फार खंगला आहे. पावसात पाणी साचतं, कोरड्या दिवसांत जा. बोरिवलीच्या पश्चिमेला मंडपेश्वरात नटराज आहे आणि पोर्तुगीजांनी त्याच लेण्याचा चर्चसाठी वापर केल्याची खूण म्हणून क्रूसही. घारापुरी या सगळ्यांहून वेगळी, तिचा स्वतंत्र दिवस ठेवा. गेटवेहून लाँचने तासभर लागतो आणि तिथेही सोमवारी बंद.

परतीच्या शेवटच्या बसची वेळ खाली उतरल्या उतरल्या विचारून ठेवायची, वर चढण्याआधी. संध्याकाळी लेणी बंद होतात तेव्हा सगळे एकदम उतरतात आणि बससाठी गर्दी होते. चालत निघायचा मोह अंधाराच्या सुमारास आवरा, हे बिबट्याचं जंगल आहे. बंद होण्याच्या तासभर आधी उतरायला लागलात तर जागा मिळते, आणि वाटेत अकराव्या लेण्याच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकायलाही.